नेदरलँड्स: गिरणीवाल्या बाबांना कुठली जुनी पवनचक्की दाखवू?

आम्स्टलवेनकर: मे महिन्यात आई-बाबा येताहेत. बाबांनी आयुष्यभर कराडला पिठाची गिरणी चालवली. त्यांना लांबून फोटो काढायचे नाहीत. आत शिरून दगड, दाते, लाकूडकाम बघायचंय. मोडलेली चक्की ही मंडळी पुन्हा उभी कशी करतात, हेही. चौघांचं तिकीट ५० युरोंत बसावं. गाडी नाही, बाबांचे गुडघे दुखतात.

रॉटरडॅमची_सून: किंडरडाइक! दुसरं काही बघूच नका. १७४० च्या आसपासच्या १९ चक्क्या एका जागी, १९९७ पासून जागतिक वारसा. बोट, जेवण धरून आमचे दीडशे युरो गेले, पण पैसे वसूल. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात.

डेल्फ्टकर_नाना: बजेट ५० आहे, ताई. शिवाय किंडरडाइकच्या चक्क्या पाणी उपसायच्या, दळायच्या नाहीत. गिरणीवाल्याला तिथे जात्याचा दगड कुठून दिसणार? बांधावरून फिरायला मात्र पैसे पडत नाहीत, तिकीट आतल्या संग्रहालयाचं.

झानकाठचा: झान्से स्खान्सला न्या. 'द कात' चक्कीत आजही वाऱ्यावर रंग दळतात. मोठाले दगड कडेवर उभे फिरतात, बाबा हलणार नाहीत तिथून. १९६० साली दुसऱ्या एका चक्कीचा अष्टकोनी सांगाडा आणून तिच्यावर चढवला. शेजारची 'हेट योंगे स्खाप' लाकूड कापते. मूळ चक्की १९४२ मध्ये पाडली, पण त्याआधी कोणीतरी एकेक तुळई मोजून नकाशे काढून ठेवले होते. त्यांवरून २००७ साली ती पुन्हा उभी राहिली. नकाशे नसते तर संपलंच होतं.

सातारी_वारा: आमच्या चाळकेवाडीला या, पठारभर पवनचक्क्या. तिकीटबिकीट काही नाही.

डेल्फ्टकर_नाना: अहो, त्या विजेच्या. इथे दळणाचं चाललंय.

सुतारघरची: लायडनचं 'द फाल्क' बघा, १७४३ चं, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. चाकाचे दाते मुद्दाम वेगळे, कठीण लाकडाचे बसवलेले असतात. एखादा मोडला तर तेवढाच ठोकून काढायचा आणि नवा घालायचा, चाक वाचतं. जाणते कारागीर दोन चाकांचे दाते असे मोजून ठेवतात की तोच दाता त्याच दात्याला सारखा भेटत नाही, म्हणजे झीज सगळीकडे सारखी होते. माझे वडील सुतार, त्यांनी हे बघितल्या बघितल्या ओळखलं. जिने मात्र शिडीसारखे उभे.

शाकाहारी_हेग: आत कशालाही हात लावताना विचारा. वंगणाला डुकराची चरबी वापरतात.

सुतारघरची: ती मुख्य आसाच्या मानेला. दात्यांना मधमाश्यांचं मेण लावतात.

शाकाहारी_हेग: चरबी ती चरबीच. आमच्या आईने तर परत येऊन अंघोळ केली.

पमी_आम्स्टरडॅम: गुडघे दुखतात ना? मग स्लोटन. तुमच्यापासून जवळ आहे आणि चक्कीत लिफ्ट आहे. १८४७ ची चक्की, दुसरीकडून उचलून इथे नव्याने उभी केली. पाणी वर चढवणारा मोठा स्क्रू बघायला मिळतो.

आइंडहोवन_अण्णा: मे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार गाठा. राष्ट्रीय चक्की दिन असतो, देशभर शेकडो चक्क्या उघड्या आणि पाती फिरती. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक, शिकून परीक्षा दिलेले. बाबांनी दगडाला टाकी कशी लावता विचारलं तर तासभर सोडणार नाहीत. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या कसबाचाही मान केला. बाकी किंडरडाइकच करा, आम्ही दोनदा गेलो.

आम्स्टलवेनकर: सगळ्यांचे आभार. चक्की दिनाची तारीख धरली आहे. पण जाणार हार्लेमच्या 'द आद्रियान'ला. १७७९ ची चक्की. आधी सिमेंटसाठी दळायची, मग तंबाखू, मग धान्य. १९३२ मध्ये जळून खाक झाली. पैसा जमवत जमवत लोकांनी ती बरोबर ७० वर्षांनी, आगीच्याच तारखेला, २३ एप्रिल २००२ ला पुन्हा सुरू केली. बाबांना फोनवर एवढंच सांगितलं तर म्हणाले, तीच. जिन्यांचंही सांगितलं. म्हणाले, बसत बसत चढेन.

रॉटरडॅमची_सून: म्हणजे एकच चक्की बघणार हो. किंडरडाइकला १९.