"सगळ्यांसोबतच होतं गं आई", हे खरं आहे का?

निळीशाई:
मुलगा तेरा वर्षांचा. परवा धुवायला टाकलेल्या शर्टाची वरची दोन बटणं नव्हती, नुसती निघालेली नाही तर कापडासकट उपटलेली. विचारलं तर म्हणे मस्ती चालली होती. जरा खोदून विचारलं तसा चिडला, "सगळ्यांसोबतच होतं गं, उगाच इश्यू करू नकोस". तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. किती मुलांना असा मार किंवा त्रास होतो ते नेटवर बघितलं तर कुठे तिनात एक, कुठे निम्मी मुलं, एके ठिकाणी तर साठ टक्के! कुठला आकडा खरा धरायचा? कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, घाबरवू नका प्लीज.

आकडेमोड्या:
ताई, सर्व्हेच्या कामात बरीच वर्षं घालवलीत म्हणून सांगतो, तिन्ही आकडे बरोबर असू शकतात कारण तिघांनी विचारलंय वेगवेगळं. तिनात एक हा बहुतेक युनेस्कोचा २०१९ चा असणार, त्यात गेल्या महिन्याभरात शाळेत कुणी छळलं का असं होतं आणि ३२ टक्के मुलं हो म्हणाली. निम्मीवाला युनिसेफचा, २०१८ चा, वय १३ ते १५, जगभरात साधारण १५ कोटी मुलं, पण त्यात छळ आणि मारामारी दोन्ही एकत्र धरलंय. साठ टक्के म्हणजे अमेरिकेतला २००८ चा सर्व्हे, मुलांवरच्या हिंसेचा अभ्यास करणारे संशोधक डेव्हिड फिंकेलहोर यांच्या टीमचा. तिथे वर्षभरातलं विचारलं, घर शाळा गल्ली सगळं धरून, शिवाय दुसऱ्याला मार खाताना बघितलं तेही मोजलं, आणि अगदी तान्ह्यापासून सतरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं. मग आकडा फुगणारच ना.
अजून एक. मुलाला "तुझ्यावर हिंसा झाली का" विचारलं की तो नाहीच म्हणतो. तेच "कुणी लाथ मारली का, वस्तू हिसकावली का, धमकी दिली का" असं एकेक करून विचारलं की हो, हो, हो असं निघत जातं. त्याच्या लेखी ती हिंसा नसतेच, मस्ती असते.

जुनाखोड:
आमच्या वेळी घरी पण मार, शाळेत पण मार. काय बिघडलं? आजकाल सगळ्याचाच बाऊ.

एकपायीबूट:
@जुनाखोड काका, तुमचं नसेल बिघडलं. मी आठवी-नववीत असताना दोघंतिघं मधल्या सुट्टीत माझा एक बूट लपवायचे, मग एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा असा मी उरलेले सगळे तास पाय बाकाखाली ओढून बसायचो. सरांनी विचारलं की मीच म्हणायचो हरवला. मार असा कधी बसलाच नाही, त्यामुळे कुठल्या फॉर्मवर विचारलं असतं तर मीही "नाही" वरच टिक केली असती. आज चाळिशीत आहे, अजून बूट काढून बसायची वेळ आली की नजर तिकडेच असते.

समुपदेशक_बाई:
आकडेमोड्या बरोबर बोलतायत पण निळीशाई ताई, तुम्हाला टक्केवारीपेक्षा वेगळी गोष्ट बघायचीय. आयुष्यात एखादी झटापट बऱ्याच मुलांची होते, ती विसरतातही. त्रास होतो तो पुन्हा पुन्हा तेच होतं आणि समोरचा ताकदीने, वयाने किंवा संख्येने वरचढ असतो तेव्हा. शाळेतल्या छळाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळ आणि साधं भांडण यात फरक केला तो याच मुद्द्यावर. दुसरं म्हणजे हे सगळ्यांना सारखं वाटून येत नाही. ज्याला वर्गात मारतात त्यालाच बऱ्याचदा मोबाईलवरही घाण मेसेज येतात, कधी घरातही हात उगारला जातो, म्हणजे थोड्याच मुलांच्या वाट्याला खूप काही. फिंकेलहोर यांच्याच कामातून हे ठळकपणे पुढे आलं. आणि हो, मुलीही यातून सुटत नाहीत, फक्त प्रकार वेगळा. युनिसेफनेच २०१४ मध्ये सांगितलं की वीस वर्षांखालच्या साधारण १२ कोटी मुलींवर म्हणजे दहातल्या एकीवर लैंगिक जबरदस्ती झालेली आहे. बहुतेक वेळा करणारा ओळखीतलाच असतो, म्हणून तर तोंडातून शब्द फुटत नाही.
"का" विचारू नका. कोण, कुठे, किती वेळा एवढंच विचारा, तेही समोरासमोर बसवून नको, काहीतरी काम करता करता.

निळीशाई:
अपडेट. काल दोघं कपड्यांच्या घड्या घालत होतो तेव्हा विचारलं. बराच वेळ गप्प, टॉवेलची घडी चारदा मोडून घातली त्याने. मग म्हणाला वरच्या वर्गातले दोघं, बसच्या मागच्या सीटवर, आठवड्यातून दोनतीनदा. मी म्हटलं सगळ्यांसोबत होतं ना? तर म्हणे नाही, मी आणि अजून एक जण. त्या दुसऱ्या मुलाच्या आईचा नंबर मिळवलाय, आज रात्री बोलते तिच्याशी, मग दोघी मिळून शाळेत जाऊ.

समुपदेशक_बाई:
छान केलंत. जाण्याआधी मुलाला सांगा की तुम्ही जाताय, त्याच्या पाठीमागे नको. आणि तो शर्ट धुवू नका, तसाच घेऊन जा.