घरघंटी घ्यावी का? अलीकडच्या खरेदीचे अनुभव आणि एक प्रश्न

रानजाई

नमस्कार. कुडाळजवळच्या गावी आई-बाबा दोघेच राहतात आणि त्यांच्या घरासाठी लागणारी बरीचशी खरेदी मी पुण्याहून करते. अलीकडे घेतलेल्या दोन वस्तूंवरून एक अख्खा पावसाळा गेला आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. तिसरी वस्तू, म्हणजे घरघंटी, अजून घ्यायची आहे आणि तिच्याविषयी मला आपला सल्ला हवा आहे.

पहिली वस्तू बीएलडीसी पंखे, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरीचे पंखे. घरातले जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटच्या आसपास वीज घेत होते, नवे पूर्ण वेगावर ३० वॉटच्या आसपास घेतात. पंखा दिवसाला १२ तास चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा महाग असल्यामुळे ही बचत नेमकी त्या महाग युनिटांतून होते. तरीही माझ्या मते गावच्या घरासाठी या पंख्यांचा मोठा फायदा वेगळाच आहे. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले, की आमच्याकडे विजेचा दाब उतरतो आणि जुने पंखे रेंगाळू लागत. नव्या पंख्यांचा वेग मात्र ढळत नाही. इन्व्हर्टरवर जुने पंखे करत ती घरघरही पूर्ण थांबली आहे, आणि बाबांची झोप सावध असल्यामुळे त्यांना याचे फार समाधान आहे.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जाबचतीचे तारे छापणे सक्तीचे झाले आहे, पण एका वॉटमागे किती हवा मिळते यावरून ते तारे ठरतात. म्हणून पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो हा आकडाही खोक्यावर वाचून घ्यावा. दुसरे असे, की वीज जाऊन आल्यावर पंखा आधीच्याच वेगावर सुरू होतो का, हे दुकानातच विचारावे. तसे होत नसेल, तर रात्री वयस्कर माणसांना अंधारात रिमोट शोधावा लागतो.

दुसरी वस्तू बिडाचा तवा. नॉनस्टिक तव्याचा थर निघू लागल्यावर आईनेच तो नको म्हटले. नवा तवा कारखान्यातून तेलाचा थर देऊन आला होता, तरी आईने तो गरम पाण्याने घासला, लगेच कोरडा करून मंद आचेवर तापवला, तेलाचे अगदी पातळ बोट फिरवले आणि धूर निघेपर्यंत ठेवून गार होऊ दिला. असे काही वेळा केल्यावर तव्याला काळी, गुळगुळीत तकाकी आली. आता ती नारळाच्या शेंडीने तेल फिरवते, पाण्याचा शिंतोडा टाकून तवा तापल्याची खात्री करते आणि मगच घावण्याचे पातळ पीठ कडेकडून मध्याकडे ओतते. कडा आपोआप सुटतात, जाळी उत्तम पडते. पावसाळ्यात मात्र तवा ओला राहिला, तर रात्रीत तांबूस होतो. धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचा हात पुसून ठेवणे भागच आहे. टोमॅटो किंवा कोकम घातलेले काही त्यावर शिजवू नये, कारण आंबटपणाने थर निघतो आणि पदार्थाला लोखंडी चव येते.

आता प्रश्न. गावातली गिरण बंद झाली आहे आणि दुसरी गाठायला रिक्षा करावी लागते. तांदूळ, नाचणी, थालीपिठाची भाजणी आणि पिठीसाठी कुळीथ एवढे दळण असते. दोन माणसांसाठी एक अश्वशक्तीची घरघंटी घेणे योग्य ठरेल का? वापरलेल्यांनी कृपया लिहावे.

परसबाग

रानजाईताई, आमच्या सांगलीच्या घरी घरघंटी बरीच वर्षे रोजच्या वापरात आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. तुमचे दळण पाहता ती उपयोगी पडेल. दर आठवड्याला थोडे थोडे ताजे दळता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. नाचणीचे आणि भाजणीचे पीठ डब्यात फार दिवस राहिले, की त्याला कडवट वास येऊ लागतो. दोन माणसांच्या घरात गिरणीतून एकदम आणलेले पीठ नेमके याच कारणाने वाया जाते.

मात्र घरघंटी धान्याच्या बाबतीत काटेकोर असते, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा. धान्य खणखणीत वाळलेले हवे. घावण्यासाठी किंवा मोदकाच्या पिठीसाठी धुतलेले तांदूळ सावलीत वाळवल्यावर हाताला कोरडे लागतात, पण दाण्याच्या पोटात ओल शिल्लक असते. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. तो दबला, तर पीठ जाळीच्या भोकांत बसते, दळण अडते आणि मोटर तापते. कोकणातल्या पावसाळ्यात तांदूळ असे वाळणे अवघड, म्हणून धुतलेल्या तांदळाचे दळण मे महिन्यातच उरकावे, किंवा पावसाळ्यात न धुता नुसते पुसलेले तांदूळ दळावेत. भाजणी आणि भाजलेले कुळीथ पूर्ण गार झाल्याशिवाय घालू नयेत. तीळ, शेंगदाणे आणि सुके खोबरे यांना तेल सुटते, ते कधीच घालू नयेत. भाजणीत तीळ लागत असतील, तर थालीपीठ लावताना वरून मिसळावेत.

दळताना यंत्र आधी रिकामे सुरू करून मग धान्य सोडायचे, आणि धान्य संपल्यावरही थोडा वेळ रिकामे फिरू द्यायचे. मध्येच वीज गेली, तर बटण लगेच बंद करावे. दळणाच्या कप्प्यात धान्य भरलेले असताना वीज परत आली, तर मोटरीला ते ओझे उचलता येत नाही आणि ती नुसती गुरगुरत तापते. अशा वेळी प्लग काढून कप्पा उघडावा, धान्य काढून घ्यावे आणि मगच पुन्हा सुरू करावे. पीठ गरमच बाहेर येते. ते परातीत पसरून निवल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटून गुठळ्या होतात.

कातळवाट

वरील सर्व माहिती बरोबर आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या रत्नागिरीच्या घरी घरघंटी आहे, पण तांदळाच्या भाकरीसाठी आम्ही अजूनही दगडाच्या गिरणीतूनच पीठ आणतो. घरघंटीत पोलादी पाती दाणा फोडतात आणि जाळीतून जाईल एवढा बारीक झाला, की तो बाहेर पडतो. दगडांच्या मध्ये दाणा चिरडला जातो. त्यामुळे दोन्ही पिठांची वळण्याची तऱ्हा वेगळी असते आणि आमच्याकडे घरघंटीच्या पिठाच्या भाकरीला कडेने चिरा जातात. घावणे, आंबोळ्या, नाचणीचे सत्त्व, पिठी यांसाठी मात्र कोणतीही तक्रार नाही. तुमच्या आईंच्या हातची रोजची भाकरी असेल, तर ओळखीच्या कोणाच्या तरी घरघंटीवर किलोभर तांदूळ दळून आणावेत, त्यांना भाकरी थापू द्यावी आणि मग ठरवावे.

शिवाय आवाजाचा विचार करावा. यंत्र लाकडी कपाटात असले, तरी ते चालू असताना त्या खोलीत बोललेले ऐकू येत नाही. पडवीत किंवा मागच्या खोलीत, पावसाची झड येणार नाही अशा कोरड्या भिंतीला जागा असेल, तरच घ्यावे. आमच्या पहिल्या यंत्राचे कपाट खालून पाणी लागून फुगले आणि दार लागेनासे झाले.

साळीचेपीठ

माझ्या मुलीला सीलिॲक आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लूटेन तिला अजिबात चालत नाही. गिरणीत ‘तांदळावर तांदूळ दळा’ असे कितीही सांगितले, तरी आधीच्या गिऱ्हाइकाचे गव्हाचे पीठ जात्यात आणि पन्हळीत थोडेफार राहतेच, आणि तिच्यासाठी तेवढेही जास्त असते. घरघंटी आल्यापासून तिला निर्धास्तपणे भाकरी खाता येते. आम्ही त्या यंत्रात गहू कधीच घातलेला नाही, म्हणून जुनी घरघंटी विकत घेण्याचा पर्याय आमच्यासाठी नव्हता. इतर कोणी याच कारणासाठी विचार करत असेल, तर नवीच घ्यावी आणि दळून देण्यासाठी शेजारीपाजारी आले, तरी कारण सांगून नम्रपणे नकार द्यावा.

वीजजोडणी

रानजाईताई, संध्याकाळी दाब उतरतो असे तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल थोडे सांगतो. वायरिंगचे काम हाच माझा व्यवसाय आहे. जो दाब पंख्याला चालतो, तो घरघंटीला चालेलच असे नाही. बीएलडीसी पंख्यातले सर्किट कमी दाब सांभाळून घेते. घरघंटीच्या साध्या मोटरीला दाब कमी मिळाला, तर ती तेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह ओढते आणि तापते. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट, परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटर याच्या कितीतरी पट प्रवाह घेते. म्हणून मिक्सर लावतो त्या सॉकेटवर ती लावू नये. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, जाड वायर आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. जुन्या कौलारू घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा नुसती भिंतीत सोडलेली आढळते आणि घरघंटीत हाताळायचे बरेच भाग धातूचे असतात, म्हणून हे काम यंत्र येण्याआधी करून घ्यावे. दळण दुपारी करावे. दुपारीही दाब कमी असेल, तर स्टॅबिलायझर लागेल आणि तो मोटर सुरू होतानाचा भार लक्षात घेऊन मोठ्या क्षमतेचा घ्यावा लागेल; तो खर्च आत्ताच हिशेबात धरा.

तुमच्या पंख्यांबद्दलही एक सूचना. जुना पंखा मंदावला, तर गावातला कोणीही कंडेन्सर बदलून देतो, पण या पंख्यांचे सर्किट जळले, तर तो भाग कंपनीकडूनच येतो. वळवाच्या विजा सुरू झाल्या, की पंख्यांचा मेन स्विच बंद करण्याची सवय ठेवा. जुना फिरवायचा रेग्युलेटर जोडलेला राहिला असेल, तर तोही काढून टाका, कारण त्यामुळे सर्किटवर ताण येतो.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. कातळवाट यांनी सुचवल्याप्रमाणे आईला आधी भाकरी थापून पाहू देते, कारण आमच्याकडे दुपारची भाकरी तांदळाचीच असते. अर्थिंगबद्दल बाबांशी फोनवर बोलले; पुढच्या आठवड्यात वायरमन येऊन पाहणार आहे. आणखी एक विचारते: बिल माझ्या पुण्याच्या पत्त्यावर आणि यंत्र कुडाळला, असे ऑनलाइन मागवले तर पुढे अडचण येते का?

साळीचेपीठ

येऊ शकते. वॉरंटी कार्डावर यंत्र जिथे बसवले तो पत्ता लिहून घ्या आणि त्या तालुक्यात कंपनीचा दुरुस्तीवाला येतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आमचे यंत्र बिघडलेले आले, तेव्हा विक्रेता टोलवाटोलवी करत राहिला. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण महिन्याभरात व्हायला हवे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर यंत्र बदलून मिळाले. वेळ आली, तर ग्राहक आयोगाकडे स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातूनही दाद मागता येते. खोके उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करायला बाबांना जरूर सांगा.

परसबाग

एक राहिले होते. यंत्रासोबत वेगवेगळ्या भोकांच्या जाळ्या येतात, पण त्यांचे क्रमांक प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, म्हणून पुस्तिकेतला तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राच्या दाराला आतून चिकटवा. पिठी आणि घावण्यांना सर्वांत बारीक जाळी, भाजणीला त्याहून किंचित जाड आणि कुळीथ भरडायचे असतील तर डाळीची जाळी. जाळी बदलताना प्लग काढलेलाच असावा. आणि दर दळणानंतर कप्पा कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा. कोपऱ्यात उरलेल्या पिठात पावसाळ्यात पोरकिडे होतात आणि ते पुढच्या दळणात उतरतात.