होम लोनच्या आधी पडून असलेली क्रेडिट कार्डं बंद करावीत का?

भायली_रोड:
नवरात्र आटोपली की भायलीत फ्लॅट बुक करायचाय, होम लोन लागेल. सिबिल स्कोर 778. कार्डं तीन. पहिलं रोजच्या वापराचं, लिमिट 1 लाख, महिन्याला साधारण 50 हजारांचं बिल, दरवेळी पूर्ण भरतो. दुसरं 2014 चं, लिमिट 60 हजार, फी नाही. तिसरं 40 हजारांचं, वार्षिक फी 500 अधिक जीएसटी. शेवटची दोन नुसती कपाटात आहेत. लोन एजंट म्हणतो, दोन्ही बंद करा, प्रोफाइल साफ दिसतं. मोठा भाऊ म्हणतो, हात लावू नकोस. कोणाचं ऐकू?

मांडवीचा_हिशेबनीस:
भावाचं. आत्ता 2 लाखांच्या एकूण लिमिटवर 50 हजार, म्हणजे वापर 25 टक्के. दोन्ही बंद केलीत की तेच 50 हजार 1 लाखावर, थेट 50 टक्के. खर्च एक रुपयानंही वाढला नाही, तरी ब्युरोच्या (सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोर देणाऱ्या संस्थेच्या) नजरेत तुम्ही कर्जावर जास्त टेकलेले दिसणार. फक्त 40 हजारांचं बंद केलं तर 31 टक्के, ते चालून जाईल. वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, पण तो अंदाजाचा आकडा आहे, लक्ष्मणरेषा नव्हे.

पूर्ण बिल भरता हे उत्तमच, पण जानेवारी 2025 पासून बँका निदान दर पंधरवड्याला ब्युरोंना आकडे पाठवतात. त्या दिवशीची बाकी जाते. पुढे ड्यू डेटला सगळं भरणार आहात हे त्या आकड्यात दिसत नाही. फाइल लावायच्या आधीचे दोन-तीन महिने बिल निघण्यापूर्वीच 25-30 हजार भरून टाका. कार्ड बंद करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

सयाजीगंज_77:
2014 च्या कार्डाबद्दल उगाच भीती घालतात. बंद केल्या दिवशी जुना इतिहास पुसला जात नाही. खातं 'क्लोज्ड' म्हणून वेळेवर भरलेल्या हप्त्यांसकट रिपोर्टात राहतं. तरी फी नसताना सर्वात जुनं खातं बंद करायचं कारण काय? दोन-तीन महिन्यांनी त्यावर पेट्रोल भरा, ऑटोपे लावा. वर्षभर वापरच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक कळवते आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर स्वतःच बंद करते. तसा मेसेज बरेच जण जाहिरात समजून उडवतात.

भायली_रोड:
म्हणजे 40 हजारांचं तेवढं काढतो. कात्रीनं कापून टाकलं तर?

मांडवीचा_हिशेबनीस:
प्लास्टिक कापलं जाईल, खातं चालूच. वर्ष भरलं की 590 रुपये फी लागेल, तुम्हाला पत्ता नसेल, वर लेट फी आणि व्याज. ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटले की थकबाकी ब्युरोकडे जाऊ शकते. 590 रुपयांच्या त्या डागानं कार्ड बंद करण्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं.

नीट बंद करा, पण लोन हातात पडल्यावर. आधी बिलात न आलेली रक्कम आणि चालू ईएमआय बघा, विम्याचे वगैरे ऑटोपे दुसरीकडे वळवा, पॉइंट वापरून टाका. मग ॲप, ईमेल किंवा हेल्पलाइनवरून विनंती करा. पोस्टानंच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. विनंतीचा नंबर जपून ठेवा. बाकी शून्य असेल तर 7 कामकाजी दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. 20 रुपयेही बाकी राहिले तर हा हक्क गेला, म्हणून शून्य म्हणजे शून्यच. जास्तीचे भरले असतील तर ते तुमच्या बँक खात्यात परत येतात.

मध्ये बँकेचा समजूत काढणारा फोन येईलच. फी कायमची माफ करतो म्हणाले तर ईमेलवर लिहून घ्या आणि कार्ड खुशाल ठेवा.

सयाजीगंज_77:
बंद झाल्याची माहिती बँकेनं 30 दिवसांत ब्युरोंना द्यायची असते. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतः बघितल्यानं स्कोर हलत नाही. त्यात 'क्लोज्ड' आणि बाकी 0 आहे का, एवढं बघा. चुकून 'सेटल्ड' पडलं असेल तर लगेच डिस्प्यूट टाका, कारण सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे न देता तडजोड केली असा अर्थ निघतो आणि लोनवाले तिथेच अडतात. दुरुस्तीला 30 दिवसांहून जास्त लागले तर दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.