ऑफिसात दूध काढायला जागा मागायची आहे (ग्वाल्हेर)

दौलतगंजची सून
मुलगी आठ महिन्यांची. मी औषधांच्या एका होलसेलरकडे अकाउंट्स बघते. एकूण माणसं अठरा, त्यात बायका तिघी. घर शहराच्या लष्कर भागात, दुपारी पाजून यायचं म्हटलं तर टेम्पो आणि वाटेत पडाव भागातली गर्दी, तास सहज जातो.

अकरा वाजले की छाती दगड होते. पंप घेऊन बाथरूममध्ये बसते, तर बाहेरून पोरं दार वाजवतात. मागे फाइलींची खोली आहे, पण दार काचेचं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "पाळणाघराचा नियम पन्नास माणसांपासून पुढे, आपल्याला नाही लागत." माणूस वाईट नाही हो, पण हा विषय निघाला की टेबलावरचे कागद सारखे करायला लागतात. वर म्हणाले, दूध इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ठेव!

पाळणाघर मागितलंय कुणी? काचेला पडदा आणि आतून कडी, बस. कशाच्या आधारावर मागू? शिवाय सासूबाई विचारतात, इथल्या उन्हात ते दूध संध्याकाळपर्यंत टिकतं का?

इंदूरकर, कामगार कायद्याचं काम
पन्नासचं सर बरोबर सांगतात, पण ती पाळणाघराची अट, 2017 च्या दुरुस्तीत आलेली. मातृत्व लाभ कायदा 1961 चा, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. दहा किंवा जास्त माणसांच्या दुकानांना-आस्थापनांना लागते. तिचं कलम 66 बघा: मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा स्तनपानासाठी वेळ, जेवणाची सुट्टी सोडून. त्याबद्दल पगार कापता येत नाही. 1961 च्या कायद्यातही (कलम 11) हे दोन ब्रेक होतेच. वेगळी खोली किंवा पंप मात्र कायद्यात कुठे लिहिलेला नाही. म्हणून ब्रेक हक्काने मागा, पडदा विनंतीने, दोन्ही एकाच अर्जात. तोंडी नको.

जुना लष्करवाला
आमच्या आईने शाळेत नोकरी करून चौघांना वाढवलं. पडदे मागितले नाहीत.

बडोद्याची नर्समावशी
त्या आईला विचारलंत का कधी, कसं केलं ते?

सूनबाई, औषधांच्या फ्रिजमध्ये खायचं-प्यायचं काही ठेवायचं नसतं, दूधही नाही. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास चालतं. तुमच्याकडे मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा, तेव्हा बाहेर ठेवूच नका. इन्सुलिनच्या पेट्यांतून जेल पॅक येतात ना? एरवी फेकतातच. धुऊन, घरी फ्रीझरमध्ये कडक गोठवून, थर्मासच्या पिशवीत बाटलीला चिकटवून ठेवा. चोवीस तास निघतात. घरच्या फ्रिजमध्ये चार दिवस. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, बाटली गरम पाण्याच्या वाटीत धरा. आणि वर साय आली की सासूबाई "नासलं" म्हणतील. नासलेलं नसतं, हलक्या हाताने फिरवलं की मिसळतं.

दौलतगंजची सून
मावशी, साय आली म्हणून कालच एक बाटली मोरीत गेली!

अर्ज दिला. सरांनी कलम नंबर दोनदा वाचला आणि पडद्याला हो म्हणाले. सुतार सोमवारी येतोय. घोडं अडलंय चार वाजता. तेव्हा ट्रान्सपोर्टची गाडी लागते आणि माल पाठवायची चलनबुकं त्याच खोलीत. ती मी आधीच काउंटरवर आणून ठेवणार आहे.