स्केटबोर्डचा ड्रॉप-इन (रॅम्पच्या माथ्यावरून थेट खाली उतरणं): व्हिडिओत सोपं, रॅम्पवर बूड आधी टेकतं. चुकतंय काय?

संत्रा_रोलर
तीन फुटी मिनी रॅम्प, वळणाचा रेडियस (त्रिज्या) ७ फूट, वर ६ मिमी प्लायचे दोन थर. शिकवणारं कोणी नाही, सगळं व्हिडिओ बघून चाललंय. सपाटीवर पुश अन् किकटर्न (मागच्या चाकांवर वळणं) येतात. ड्रॉप-इनला मात्र बोर्ड पुढे पळतो अन् माणूस मागे आपटतो. चाकं ५२ मिमी, ७८ए (कडकपणाचा आकडा, कमी तितकं मऊ). कुठे अडतंय?

लकडगंज_लेन
भाऊ, बोर्ड पळत नाही, तुम्ही मागे राहता. ७ फूट रेडियसवर ३ फूट उंचीला उतार साधारण ५५ अंशांचा असतो. पुढची चाकं प्लायला टेकतात तेव्हा अंगही तितकंच पुढे कललेलं हवं. मन मात्र सरळ उभं राहायला सांगतं, वजन टेलवर (बोर्डच्या मागच्या टोकावर) उरतं, की झालं.

टेल कोपिंगवर (माथ्याच्या कडेचा पाइप), मागची चाकं कोपिंगच्या आतल्या बाजूला टेकलेली. मागचा पाय टेलवर, पुढचा पुढच्या बोल्टांवर. मग पुढचा गुडघा मोडून चाकं प्लायवर दणकन आपटायची, हळूच ठेवायची नाहीत. अर्धवट आपटलंत तर नक्की पडाल.

व्हिडिओबद्दल एक: बरेचसे फिशआय लेन्सने जमिनीलगत काढलेले असतात, त्यात उतार खोटा दिसतो. रॅम्पच्या बरोबर बाजूने, कोपिंगच्या उंचीवरून काढलेला शोधा. ०.२५ वेगावर लावा अन् पायांकडे बघूच नका. पुढचा खांदा बघा: चाकं टेकायच्या आधीच तो पुढच्या पायाच्या पुढे गेलेला दिसेल. मग आपला फोन त्याच जागी ठेवून स्लो-मोशनमध्ये काढा अन् दोन्ही शेजारी लावा.

फुटाळा_फेकी
ड्रॉप-इन आधी घेणंच चुकीचं. आधी पंप, म्हणजे पाय न मारता गुडघ्यांच्या जोरावर रॅम्पवर वर-खाली जाणं. खालून सुरू करायचं, मधल्या सपाटीवर गुडघे मोडलेले, वळणात शिरताना पाय ताणून दाबायचं. परत येताना माथ्यावर गुडघे मोडून पुन्हा वळणात दाबायचं. उलटं येणं म्हणजे फेकी, तेव्हा मान जायच्या दिशेला वळलेली पाहिजे. पुश न करता कोपिंगजवळ पोचायला लागलात की समजा तयारी झाली.

आणि नी-स्लाइड, म्हणजे पडताना गुडघ्यांवर घसरायची सवय! बोर्ड बाजूला ठेवून माथ्याकडून धावत या, दोन्ही गुडघ्यांवर बसून घसरत खाली. पॅड कडक प्लास्टिकच्या कॅपचेच हवेत. कापडी व्हॉलीबॉलचे प्लायला चिकटतात अन् माणूस तोंडावर जातो. हेल्मेट तर हवंच, राजेहो.

संत्रा_रोलर
खांद्याचं लक्षात आलं. पण मी गूफी (उजवा पाय पुढे), व्हिडिओतले सगळे रेग्युलर (डावा पुढे). अन् चाकांचं काय?

लकडगंज_लेन
व्हिडिओ आडवा फ्लिप करा, म्हणजे डावा-उजवा डोक्यात फिरवायची कसरत नको.

७८ए रस्त्याच्या खडीसाठी. प्लायवर मऊ चाकं ओढल्यासारखी चालतात, पंप निम्मा वाया जातो, किकटर्नला अडकतात. ५४ ते ५६ मिमी, ९७ए-९९ए घ्या. चाक मोठं झालं की वळताना डेकला (फळीला) घासू शकतं अन् बोर्ड जागीच थांबतो. ट्रकखाली (चाकं धरणारा धातूचा आस), म्हणजे तो अन् डेक यांच्या मध्ये, ३ मिमी रायझर (पट्टी) टाका. ट्रक फार सैल नको, नाहीतर खाली उतरताना डगमग होते.

खामला_कोपिंग
कोपिंगही मोजून घ्या. २ इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, बाहेरून ६० मिमी, प्लायच्या वर साधारण १० मिमी आला पाहिजे. कमी असेल तर टेल बसत नाही, जास्त असेल तर फेकीवर परतताना चाकं अडतात.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत हा पाइप हाताला लागत नाही, तेव्हा सकाळी आठच्या आत. पावसाळ्याआधी प्लायच्या चारही कडा ऑइल पेंटने बंद करा, पाणी कडेतून शिरतं अन् थर सुटतात. ताडपत्री अंथरून नको, खालून हवा जाईल अशी ताणून बांधा. आणि स्क्रूचं डोकं प्लायच्या वर आलेलं नको. पळत्या चाकाला ते पहिलं भेटतं.