शास्त्रीजींचं पोस्टमार्टम का नाही झालं?

हर्णेकर:
परवा बंदरावर लिलाव आटपल्यावर टपरीवर चहा घेत बसलेलो, तिथे परत तोच विषय निघाला. आमचे आबा मी शाळेत होतो तेव्हापासून सांगतायत की शास्त्रीजींना ताश्कंदला विष घातलं, मी हसण्यावारी न्यायचो. पण यावेळी त्यांनी एकच विचारलं आणि माझी बोलती बंद. गेल्या वर्षी एक खलाशी बोटीवरून पडला, सकाळी पुळणीवर बॉडी लागली, तर हवालदाराने तिथेच उलट्या क्रेटवर बसून पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, बॉडी पोस्टमार्टमला गेली आणि पार संध्याकाळी घरच्यांना मिळाली. आबा म्हणे खलाशाचं करतात मग पंतप्रधानाचं का नाही केलं रे? खरंच का नाही केलं?

सिस्टर_दापोली:
दादा, मी वॉर्डात वीस वर्षं काढलीत म्हणून सांगते. अंग निळं पडलं होतं म्हणून विष, हे सगळे धरून बसतात. पण हार्ट फेल होतानाही ओठ, नखं निळी पडतात, आणि बॉडी विमानाने आणायची म्हणून एम्बामिंग (बॉडी टिकावी म्हणून आत औषध भरतात ते) केलेलं, त्यानेही रंग बदलतो. शिवाय त्यांना आधी अटॅक येऊन गेलेले, एक तर १९६४ मध्ये पंतप्रधान झाल्यावर लगेच. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करारावर सही, ६५ च्या युद्धात जिंकलेली काश्मीरमधली हाजी पीर खिंड परत द्यायचं ठरलेलं आणि ते घरच्यांनाही पटलं नव्हतं म्हणतात, वर ताश्कंदची थंडी. रात्री दीडच्या सुमारास गेले. यात मला तरी नवल वाटत नाही. पोस्टमार्टम मात्र करायलाच हवं होतं, तिथे आबा शंभर टक्के बरोबर.

गुहागरचा_भाचा:
ताई, सगळं मान्य पण त्यांचे डॉक्टर चुघ १९७७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले ना, त्याचं काय? आणि २००९ मध्ये माहिती अधिकारात विचारलं तर पंतप्रधान कार्यालय म्हणालं एक कागद आहे पण दाखवणार नाही. नुसत्या हार्ट अटॅकचा कागद असा कोण दडवतं?

सिस्टर_दापोली:
अकरा वर्षांनी अपघात झाला तो पण त्यातच धरायचा? मुंबई-गोवा हायवेवर रोज माणसं जातात, सगळे साक्षीदार होते का?

मालवणी_गजाल:
आमच्या वाडीत एक म्हातारो होतो, तो मरापर्यंत सांगत ऱ्हवलो नेताजी जिते आसत म्हणान. 😄

खारेपाटणवाला:
नेताजींचं उदाहरण बघा ना, त्यांच्यावर तीनदा चौकशी झाली. शाहनवाज समिती आणि खोसला आयोग म्हणाले १९४५ च्या विमान अपघातात गेले, मुखर्जी आयोग म्हणाला नाही, आणि तो अहवाल सरकारने २००६ मध्ये फेटाळला. म्हणजे चौकशी झाली तरी गजाली थांबत नाहीत. पण ताश्कंदचं मला एक कळत नाही, मारायचं कोणाला होतं? रशियाने स्वतः मध्ये पडून करार घडवला, ताश्कंद तेव्हा त्यांचंच, आपल्याच घरी पाहुण्याला मारून त्यांना काय मिळालं असतं? पाकिस्तानच्या अयुब खानने तर शवपेटीला खांदा दिलेला.

गुहागरचा_भाचा:
खांदा दिला म्हणून काय झालं, गावकीत भावाचा हिस्सा खाणाराच तिरडीला पहिला पुढे असतो.

हर्णेकर:
आबांना सगळं वाचून दाखवलं. सिस्टरताईंचं पटलं म्हणतात, अर्धं. हिस्सा खाणाऱ्यावर मात्र पोटभर हसले. आता विचारतायत की झोपण्याआधी जे दूध दिलं ते आपल्या माणसाने तापवलं का तिथल्या, कोणाला माहितीये का?