हा आळस नव्हे
एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) असलेल्या आपल्या वहिनी दुपारी चार पावलं चालून बसतात, म्हणून घरचे त्यांना आळशी म्हणतात, असं एकानं लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीलाही एमएस आहे, आम्ही परभणीचे. मूळ दोष स्नायूंचा नसतोच. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं, मग संदेश अडखळतो. अंग अर्धा अंश तापलं तरी तो आणखी मंदावू शकतो. उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच हे नोंदवलंय. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर, त्यात लाइट जाते! म्हणून ती भाकरी-धुणं सकाळी आठच्या आत उरकते, दुपारी मानेवर ओला पंचा घेऊन पडते. अंग गार झालं की पाय पुन्हा उचलतात. मात्र गार होऊनही अशक्तपणा दिवसभर टिकला, तर तो या आजाराचा नवा झटका असू शकतो. वहिनींना लगेच न्यूरॉलॉजिस्टकडं न्या.